शाईकाठचं विद्यापीठ

किन्हवली, ता. शहापूर
४ फेब्रुवारी २०२५

प्रेमाबाई,

नमस्कार. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच ठेवून द्याल, म्हणून वरचा पत्ता तुमच्या हर्षालीकडून लिहून घेतला. तुमचा दापोलीचा पत्ताही तिनंच दिला. तिच्यावर रागावू नका. दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा दिला.

आधी कामाचं लिहितो. आपलं विद्यापीठ बंद होतंय. २६ एप्रिलला शेवटचा पदवीदान समारंभ, एकोणीस मुलं. मे संपला की कुलूप. दप्तर दुसऱ्या विद्यापीठाच्या ताब्यात जाईल आणि जमीन धर्माशेठच्या मुलांकडे परत. शेठ तीन वर्षांपूर्वी गेले, कदाचित कळलं असेल. मुलांना तिथं गोदामं बांधायची आहेत. मी भांडलो नाही. यंदा प्रवेशाच्या महिन्यात सात अर्ज आले, त्यातले चार चुकून आलेले. कशाच्या जोरावर भांडणार?

तुमच्या वनस्पतिसंग्रहाचं काय करायचं ते सांगा. आठशे बारा नमुने आहेत, चारही लोखंडी कपाटं शाबूत. कसर लागू दिलेली नाही. कुलगुरू म्हणून माझ्याकडून दुसरं काही धड झालं नसेल, पण दर सहा महिन्यांनी डांबराच्या गोळ्या मी स्वतः बदलल्या.

काल कपाटं उघडली आणि जुनी गिरणी आठवली. २०१२ चा जून. धर्माशेठची बंद पडलेली भातगिरणी, कोपऱ्यात कोंड्याचा ढीग, आणि एकतीस पोरं पोत्यांवर बसलेली. तुम्ही पहिलं वाक्य बोललात आणि सगळी एकदम शिंकायला लागली. तुम्हीही. तास तसाच शिंकत संपला. बाहेर शेठ खाटेवर बसून ऐकत होते. मला म्हणाले, "सर, आमच्या गिरणीत लोक भात कांडून घ्यायला येत, आता डोकी कांडून घ्यायला येतील."

नावही त्यांनीच ठेवलं. आपण दोघं संस्कृतात काहीतरी लांबलचक शोधत होतो. चौथी शिकलेला माणूस म्हणाला, "शाई ठेवा. नदी पण आपली, आणि लिवायची ती पण." दोन वर्षांनी कायदा होऊन मान्यता आली, तेव्हा शाई विद्यापीठ हे नाव छापील कागदावर पाहून तुम्ही माझ्यासमोर पहिल्यांदा रडलात. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, असं दाखवलं.

संग्रहाचं कळवा. तुम्ही का गेलात असं कुणी विचारलं तर मी अजून 'घरगुती अडचण' असंच सांगतो.

भगीरथ धानके


किन्हवली
२७ फेब्रुवारी २०२५

प्रेमाबाई,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण आल्या. 'संग्रहावर माझा हक्क नाही. ज्यांनी रानातून आणला त्यांना विचारा.'

म्हणजे सकुबाईंना विचारा. नाव तुम्ही लिहिलं नाहीत.

ते कार्ड चार दिवस टेबलावर होतं. हर्षालीनं वाचलं. ती आता तुमचाच विभाग सांभाळते, एकटीच. म्हणाली, "सर, मग जायला पाहिजे ना वाडीवर. टाइम नाय आपल्याकडं." मी म्हटलं, बघू.

सकुबाई आपल्याकडे कशा आल्या ते आठवतं ना? तुम्ही मुलांना घेऊन डोळखांबच्या पुढं रानात गेला होतात. एका झुडपाजवळ थांबून तुम्ही मोठ्यानं नाव सांगितलं, लॅटिन आणि मराठी दोन्ही. मागून लाकडाची मोळी घेतलेली एक बाई म्हणाली, "ती नाय गो ती. तिची बहीण हाय. तिच्या पानाला उलट्या अंगानं लव असते, हिला नाय." तुम्ही पान उलटं केलं. आणि मुलांसमोर म्हणालात, "माझी चूक झाली. ह्या बरोबर आहेत."

परत आल्यावर तुम्ही तडक माझ्या खोलीत आलात, पायांना चिखल. म्हणालात, "धानके सर, मला शिक्षिका मिळाली आहे." मी विचारलं, शिक्षण काय? तुम्ही म्हणालात, "पन्नास वर्षं."

२०१३ पासून वेळापत्रकावर त्यांचं नाव लागलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा, वनविद्या: सकुबाई मेंगाळ. सही येत नव्हती, हजेरीपटावर त्या अंगठा उमटवायच्या. पहिल्या तासाला त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत, मुलांमध्ये खाली बसल्या आणि विचारलं, "सांगा रे, आज घरात काय खाऊन आलात? ते कुठं उगवतं?" अर्ध्या मुलांना सांगता आलं नाही. त्यांचं उत्तर मुरबाडच्या बाजारापर्यंतच पोचलं. त्या एवढ्या हसल्या की शेजारच्या वर्गातून माझी गणिताची मुलं उठून बघायला आली.

खरं सांगू, तीन वर्षं मी फळ्यावर गणितं मांडायचो तेव्हा एक कान त्या वर्गाकडेच असायचा. माझा वर्ग शांत, तुमचा दोघींचा गलबल्याचा. मला वाटायचं, विद्यापीठ म्हणतात ते भिंतीपलीकडच्या त्या आवाजाला.

पण वाडीवर जाणं मला जमेल असं वाटत नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. तुम्हाला निम्मंच माहीत आहे.

भ. धानके


किन्हवली
९ मार्च २०२५

प्रेमाबाई,

गेल्या पत्राची शेवटची ओळ लिहून मी ते टपालात टाकलं, आणि मग पुढचे दहा दिवस ती ओळ परत कशी घेता येईल याचा विचार करत राहिलो. घेता येत नाही. तेव्हा उरलेलं निम्मं लिहितो.

१७ ऑगस्ट २०१६. पाहणी समिती यायची होती. त्यांची सोय भातसानगरच्या विश्रामगृहात होती आणि त्यांना घेऊन यायला गाडीबरोबर तुम्ही गेला होतात. सकाळी नऊला मला समितीच्याच कार्यालयातून फोन आला, अध्यापकांची यादी आणि प्रत्येकाची पदवी तयार ठेवा. यादी माझ्यासमोर होती. सातवं नाव सकुबाईंचं. पदवीच्या रकान्यात तुम्ही 'अनुभवसिद्ध' असं लिहिलं होतंत.

मला वाटलं, हे एक नाव बघून मान्यता काढून घेतील. दीडशे मुलं रस्त्यावर येतील.

मी नवी यादी टाइप करून घेतली, तीत सातवं नाव नव्हतं. सेवकांच्या यादीत खाली एक नाव वाढवलं. वर्गाबाहेरचं वेळापत्रकही काढलं. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, बुधवार होता, सकुबाई यायला नकोच होत्या. पण मोठी माणसं येणार म्हणून त्या मुद्दाम धुवट लुगडं नेसून, केसात फूल माळून आल्या होत्या. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. सेविकांची निळी साडी पुढं केली. म्हटलं, "आजच्या दिवस ही नेसा आणि चहा द्या. काही विचारलं तर बोलू नका."

त्यांनी साडी हातात घेतली. म्हणाल्या, "फूल काढू का?"

मी म्हटलं, काढा.

तुम्ही समितीला घेऊन सभागृहात शिरलात तेव्हा त्या ट्रे घेऊन उभ्या होत्या. तुम्ही थिजलात, ते मी पाहिलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, मागची रोपवाटिका फार सुंदर आहे, कोण बघतं? मी म्हणालो, "माळी आहे, आणि ह्या आमच्या मावशी मदत करतात." सकुबाई माझ्यापासून चार हातांवर होत्या.

मान्यता टिकली. समिती गेल्यावर तुम्ही माझ्या खोलीत आलात. एवढं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारलंत, "हे कुणी ठरवलं?" आणि मी म्हणालो, "त्यांनीच सुचवलं. म्हणाल्या, मी चहा देते, तुमचं काम होऊ द्या."

हे खोटं होतं, प्रेमाबाई. त्यांनी काहीही सुचवलं नव्हतं. त्यांनी फक्त फुलाचं विचारलं होतं.

तुम्ही राजीनामा लिहून टेबलावर ठेवलात. जाताना फाटकाशी सकुबाई तुमची वाट बघत उभ्या होत्या, आणि तुम्ही न बोलता त्यांच्या समोरून गेलात. मी खिडकीतून बघत होतो. धावत खाली येऊन खरं सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती. मी पडदा ओढून घेतला.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते योग्यच होतं. पण त्यांच्यावर रागावलात ते माझ्यामुळे. आठ वर्षं मी ते तसंच राहू दिलं.

उत्तराची अपेक्षा नाही.

भगीरथ


किन्हवली
३० मार्च २०२५

प्रेमाबाई,

उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. पण तुमचं पहिलं कार्ड होतं, 'त्यांना विचारा.' तेवढं तरी पाळावं म्हणून गेल्या रविवारी गेलो. हर्षाली बरोबर येते म्हणाली, मी तिला डोळखांबलाच थांबवलं. तिच्यासमोर मला ते जमलं नसतं.

वाडी चढणीवर आहे. मोहाच्या फुलांचा वास सगळीकडं. सकुबाई अंगणात सूप घेऊन मोह पाखडत होत्या. आता सत्तरीच्या आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मला ओळखलं, पण पाखडणं थांबवलं नाही.

"बस रे सर. पानी पितोस?"

मी बसलो नाही. तुम्हाला लिहिलं ते सगळं उभ्यानंच सांगितलं. यादी, साडी, आणि तुमच्याशी बोललेलं खोटं. साडीपर्यंत त्या सूप हलवत होत्या. खोट्याशी आल्यावर हात थांबला.

"म्हंजे बाईला वाटलं मीच म्हनली?"

"हो."

त्या मग म्हणाल्या, "मी फाटकाशी उभी होते. बाई समोरून गेली. मी म्हनलं, लाजली आसंल माझी. साहेब लोकांसमोर आपली मास्तरीन आशी, आंगठेवाली. आठ वरसं मी तेच धरून बसले रे. माझीच लाज वाटली तिला." सूप त्यांनी खाली ठेवलं. "चा दिला त्याचं काय नाय. हजारदा दिला आसंल. पन तू इचारलं नाय, सांगितलंस. आनि बाई गेली."

मी म्हटलं, माझी चूक झाली. बोलताना जाणवलं की हेच वाक्य तुम्ही एकदा मुलांसमोर किती सहज बोलला होतात. मला ते म्हणायला चढण चढून यावं लागलं.

मग मी एक गोष्ट विचारली, जी कधीच कळली नव्हती. एवढं झाल्यावर त्या पुढचे तीन महिने का येत राहिल्या? नोव्हेंबरपर्यंत एक मंगळवार चुकवला नाही आणि मग एकदम थांबल्या. त्या म्हणाल्या, "पोरींची परीक्षा होती ना. बाई गेली, मी पन गेले तर शिकवनार कोन? तू?" हर्षाली त्याच पोरींमधली.

संग्रहाचं विचारलं तेव्हा हसल्या. "सुकं पान मला कशाला? रानात वलं हाय की." मग जरा विचार करून म्हणाल्या, "आश्रमशाळंत दे. आमची पोरं तिथं शिकतात आनि रानाचं नाव काढलं की लाजतात. काचंमागं दिसलं तर बघतील तरी."

निघताना विचारलं, तुमच्यासाठी काही करू शकतो का? मनात मानद पदवी होती, शाल-श्रीफळ होतं. त्या म्हणाल्या, "हर्षाली सांगत होती, सगळे कागद दुसरीकडं जानार. त्या कागदात मी कोन हाय?"

मी खरं सांगितलं. सेविका.

"मग ते नीट कर. दुसरं काय नको."

भगीरथ


किन्हवली
२८ एप्रिल २०२५

प्रेमाबाई,

हे सोपं नव्हतं. दप्तरात दुरुस्ती करायची तर का करतोय ते लिहून द्यावं लागतं. म्हणजे कुलगुरूंनीच म्हणायचं की मी पाहणी समितीला खोटी यादी दिली. विश्वस्तांनी मला बोलावून घेतलं. धर्माशेठचा थोरला म्हणाला, "सर, नऊ वर्षं कुणी विचारलं नाय, शेवटच्या महिन्यात कशाला उकरता? या एकोणीस पोरांच्या पदव्या अडकल्या तर?"

नेमकी तीच भीती मला होती. तीच भीती मला २०१६ लाही होती. मुलांच्या नावावर भ्यायची मला सवयच आहे.

हर्षाली म्हणाली, "मग मुलांनाच विचारू." तिनं एकोणीस जणांना वर्गात बसवलं आणि मी सगळं सांगितलं. प्रेमाबाई, तेहतीस वर्षं शिकवलं, एवढी अवघड तासिका झाली नाही. एका मुलानं सरळ विचारलं, "सर, जॉबला प्रॉब्लेम येईल का?" मी म्हटलं, येऊ शकतो, मला माहीत नाही. मुलं चिडली. एक मुलगी रडली, तिच्या घरी तिच्या पदवीसाठी लग्न थांबवलं होतं. दोन दिवस त्यांनी आपसांत भांडून घेतलं. तिसऱ्या दिवशी अक्षदा नावाची मुलगी सगळ्यांच्या वतीनं आली. म्हणाली, "सर, तुम्ही लिहा. पण आमच्यासाठी लिहितो असं लिहू नका. तुमच्यासाठी लिहा."

तसंच लिहून समितीच्या कार्यालयाला पाठवलं. एक पान. चूक कुणाची, कधी आणि काय. कारणं दिली नाहीत.

बावीस तारखेपर्यंत आम्ही कुणी नीट जेवलो नाही. मग तिथून उत्तर आलं. पदव्यांना बाधा नाही. सकुबाई मेंगाळ यांची नोंद 'मानद अध्यापिका, २०१३ ते २०१६' अशी दुरुस्त करण्यात येत आहे. कुलगुरूंनी मात्र खुलासा द्यावा, आणि समारंभात पदवी वितरण करू नये.

म्हणून परवाच्या समारंभात पदव्या दुसऱ्याच एका साहेबांनी दिल्या आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या सत्काराचा कार्यक्रम पत्रिकेवर शाईनं खोडला होता. खुर्ची बरी होती. तिथून मुलांचे चेहरे दिसत होते, मंचावरून इतकी वर्षं फक्त टाळू दिसायच्या.

शेवटी हर्षालीनं इथं शिकवलेल्या सगळ्यांची नावं वाचली, पहिल्या वर्षापासून. चौतीस नावं. तुमचं नाव आलं तेव्हा मागं बसलेले पहिल्या तुकडीचे लोक, आता पोटं सुटलेले, उभे राहिले. सकुबाईंचं नाव आलं. त्या वाडीतल्या दोघींबरोबर मागं पंख्याखाली बसल्या होत्या. सगळे वळून बघायला लागले तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हाय, हाय, बसलेय हितं. वाच पुढं." सगळा मांडव हसला. साहेबही हसले.

तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. तरी एक खुर्ची मी दुपारपर्यंत कुणाला घेऊ दिली नाही.

कपाटं काल टेम्पोनं आश्रमशाळेत पोचली.

भगीरथ


किन्हवली
२५ मे २०२५

प्रेमाबाई,

हे शेवटचं. शनिवारी किल्ल्या देऊन टाकतो. खुलासा पाठवला, पुढं काय होईल ते होवो. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला काढून तरी कुठून टाकणार?

मंगळवारी आश्रमशाळेत कपाटांची पोच घ्यायला गेलो होतो. परतीच्या एसटीत पुढच्या बाकावर खिडकीशी जागा मिळाली. डोळखांब सोडून एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली, कारण रस्त्याच्या कडेनं दोन बायका चालल्या होत्या आणि त्याला वाटलं, त्यांना चढायचंय.

पुढं सकुबाई, पदराचा ओचा करून त्यात करवंदं. मागं तुम्ही. केस पूर्ण पांढरे झालेत. तुम्ही एक फांदी हातात धरून काहीतरी ठासून सांगत होतात, आणि सकुबाई मान हलवत होत्या, नाय, नाय. तुम्ही दापोलीहून कधी आलात, किती दिवस राहिलात, मला कुणी सांगितलं नाही. हर्षालीला माहीत असणार. तिनंही सांगितलं नाही, आणि ते बरोबर केलं.

कंडक्टर मला ओळखतो. म्हणाला, "सर, ह्या तर आपल्या प्रेमाबाई विशे ना? उतरायचंय का?"

सकुबाईंनी वर बघितलं. खिडकीत मी दिसलो असणार, कारण क्षणभर त्या थांबल्या. तुमची पाठ गाडीकडे होती. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही. ड्रायव्हरला हातानंच खूण केली, जा, आम्हाला चालायचंय.

मी कंडक्टरला म्हटलं, "नाय. चालू दे."

भगीरथ